पेशीला हुकूम कोणाचा?

आमच्या सोलापुरात एके काळी घड्याळ फारसे कुणी पाहत नसे. गिरणीचा पहिला भोंगा झाला की घराघरांत चुली पेटत आणि दुसरा झाला की डबे घेतलेली माणसे रस्त्याला लागत. माझे थोरले भाऊ, आमचे आण्णा, या भोंग्यावरच वाढले, या भोंग्यावरच वीस वर्षे पाळीला गेले आणि गिरणी बंद पडल्यावर एका यंत्रमाग कारखान्यात कामाला लागले. भोंगे थांबून आता किती तरी वर्षे झाली. तरीही पहाटे ठरल्या वेळी त्यांना जाग येतेच. कान अजून हुकमाची वाट पाहतो, असे ते हसत सांगतात.

गेल्या वर्षी आण्णांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. त्याआधी सात-आठ महिने त्यांच्या शौचातून रक्त पडत होते. मूळव्याध असेल, उष्णता असेल, असे म्हणत आम्ही ताक आणि इसबगोल देत राहिलो. वहिनींना काळजी वाटत होती. पण मीच त्यांना धीर दिला. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली मी! आण्णांच्या चेहऱ्यावर फिकेपणा दिसू लागला, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे दुर्बिणीने तपासणी झाली. तोवर रोग यकृतापर्यंत पोहोचला होता.

डॉक्टरांनी केमोचे सलाइन सुरू केले आणि त्याबरोबर आणखी एका चाचणीचे नाव कागदावर लिहून दिले. पेशीवरच्या एका रिसेप्टरला अडवणारे औषध आहे, ते महाग आहे, आणि आण्णांना ते लागू पडेल की नाही हे या चाचणीवरून आधीच कळेल, असे त्यांनी समजावून सांगितले. अहवाल यायला दिवस लागणार होते. त्या दिवसांत एका दुपारी आण्णांनी मला एक प्रश्न विचारला. आपल्याच अंगातली गाठ कुणी सांगितल्याशिवाय वाढेल कशी? तिला वाढण्याचा हुकूम देतो तरी कोण?

मला धड उत्तर देता आले नाही. पण हाच प्रश्न उराशी धरून एका मराठी बाईने आपली अख्खी हयात प्रयोगशाळेत काढली, हे मात्र आठवले. डॉ. कमल रणदिवे हे नाव मी कॉलेजात असताना ऐकले होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या एकशे चाराव्या जन्मदिनी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा नातवाने ही कोण म्हणून विचारलेही होते. आण्णांच्या अहवालाची वाट पाहता पाहता मी त्यांचे आयुष्य वाचून काढले. आज जे सांगणार आहे, ते त्या वाचनातून हाती लागलेले आहे.

सीताफळाच्या कुळापासून सुरुवात

कमलाबाई मूळच्या समर्थ घराण्यातल्या. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. आई शांताबाई. त्या काळात मुलींना चार इयत्ता शिकवून उजवून टाकण्याची रीत होती. पण समर्थांनी मुलांच्या बरोबरीने मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला. कमल हुजूरपागेत शिकली आणि पुढे फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन विशेष गुणवत्तेने पदवीधर झाली.

हुशार मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराच्याच घरात पडावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात तिने पेशींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी निवडलेले कूळ होते सीताफळाचे. आपल्या बार्शी-सोलापूर भागातल्या माळरानावर जे सीताफळ सहज येते, त्याच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत या बाईंच्या संशोधनाचा श्रीगणेशा झाला, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. या अभ्यासावर १९४३ मध्ये त्यांना एम. एस्सी. मिळाली.

त्याआधीच, १३ मे १९३९ रोजी, त्यांचे लग्न झाले होते. पती जयसिंग त्र्यंबक रणदिवे गणिताचे अभ्यासक होते. पत्नीच्या अभ्यासाला त्यांची मनापासून साथ होती. संशोधनातील आकडेमोडीत त्यांचे गणितही उपयोगी पडले. पुढे मुलगा अनिल झाला. घर आणि सूक्ष्मदर्शक ही दोन्ही ओझी पेलताना घरातला माणूस बाजूने असला तर किती फरक पडतो, हे नोकरी केलेल्या माझ्या पिढीतील बायकांना वेगळे सांगायला नको.

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला आले. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून आज ज्यांचा उल्लेख होतो, ते हेच. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने पेशींमध्ये आणि अवयवांमध्ये काय बदल झाला, याचा अभ्यास. खानोलकरांच्या हाताखाली कमलाबाईंनी कर्करोगाचा अभ्यास सुरू केला आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशी पाहणारी नजर आता माणसाच्या आणि उंदराच्या पेशींकडे वळली होती.

तेव्हा काय ठाऊक होते?

त्या काळी या प्रश्नावर जगाच्या हाती दोन धागे होते. पहिला धागा ग्लासगोचा. जॉर्ज बीटसन नावाच्या शल्यचिकित्सकाने १८९६ मध्ये दाखवले होते की, स्तनाचा कर्करोग बळावलेल्या काही स्त्रियांची बीजकोशाची शस्त्रक्रिया केली, म्हणजे बीजकोश काढून टाकले, की छातीवरची गाठ आक्रसते. गाठ एका जागी आणि तिला वाढायला लावणारे काही तरी भलत्याच जागी! बीजकोशातून निघणारे ते काही तरी म्हणजे संप्रेरक, ज्याला आपण हार्मोन म्हणतो, हे पुढे कळले.

दुसरा धागा अमेरिकेतला. जॉन बिटनर यांना १९३६ मध्ये असे आढळले की, काही जातींच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. त्या पिलांना जन्मताच दुसऱ्या, निरोगी जातीच्या आईच्या दुधावर वाढवले तर रोगाचे प्रमाण कितीतरी घटते. दुधात असते ते काय? पुढे ठरले की, तो एक विषाणू.

म्हणजे गाठीला हुकूम देणारे तीन संशयित उभे राहिले. रक्तातून येणारे संप्रेरक, बाहेरून शिरणारा विषाणू आणि आईबापांकडून आलेली आनुवंशिकता. या तिघांचे आपापसांत काय नाते आहे, हा कमलाबाईंच्या संशोधनाचा गाभा झाला. एकट्या विषाणूने किंवा एकट्या संप्रेरकाने भागत नाही. प्राण्याचे कूळ, त्याची संप्रेरके आणि विषाणू एकत्र आले म्हणजे रोगाची शक्यता बळावते, हे उंदरांवरील अभ्यासातून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

काचेतली बाग

पीएच. डी. नंतर शिष्यवृत्ती घेऊन कमलाबाई अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ऊतीसंवर्धन म्हणजे शरीरातील पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या. ऐकायला सोपे वाटते; पण त्या काळी माणसाच्या पेशी काचेत थोडे दिवस तगत आणि मरून जात. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी काचेत वाढू लागल्या आणि त्या थांबल्याच नाहीत. हेला या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ती बाई त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी वापरल्या जात आहेत हे तिला विचारले गेले नव्हते आणि घरच्यांनाही वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या खात्यावरचे हे ऋण विसरू नये, म्हणून येथे नोंदवते.

मायदेशी परतून कमलाबाईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ही अशी पहिली प्रयोगशाळा. खानोलकरांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांचे काम चालले.

काचेतल्या या बागेने एक फार मोलाची गोष्ट शिकवली. निरोगी पेशींना नुसते अन्नपाणी पुरत नाही. त्यांच्या द्रवात रक्ताचा अंश, म्हणजे सीरम, मिसळावा लागतो. सीरम नसेल तर त्या जगतील, पण वाढणार नाहीत. रक्तात त्यांच्यासाठी काही तरी निरोप असतो. कर्करोगाच्या पेशी मात्र कितीतरी कमी सीरमवर वाढत राहतात. त्यांना निरोपाची तितकीशी गरजच उरलेली नसते. आण्णांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच होते.

भोंगा आणि कान

हे उत्तर पुरे व्हायला जगाला आणखी काही दशके लागली. स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञाला उंदराच्या लाळग्रंथींच्या अर्कात एक विचित्र गुण दिसला. तो अर्क टोचलेल्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडत. त्या अर्कातून पेशींना वाढायला सांगणारे एक प्रथिन निघाले आणि पुढे ते प्रथिन ज्या जागी जाऊन चिकटते, ती पेशीच्या आवरणावरची जागाही सापडली. ती जागा म्हणजे रिसेप्टर. मराठीत ग्राही म्हणता येईल. कोहेन यांना १९८६ मध्ये रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मी आण्णांना सांगितले, रक्तातून येणारा निरोप म्हणजे गिरणीचा भोंगा समजा. भोंगा गावभर वाजतो. पण ज्याला कान आहेत आणि ज्याची पाळी आहे तोच उठतो. रिसेप्टर म्हणजे पेशीचा कान. ज्या पेशीवर ज्या निरोपाचा कान असेल, तिलाच तो निरोप ऐकू येतो. कान ऐकतो, मग आतल्या आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो आणि पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. बीटसनच्या रुग्णांची गाठ का आक्रसली, याचेही उत्तर यातच होते. त्या गाठींना बीजकोशाच्या संप्रेरकाचा कान होता आणि भोंगाच बंद झाला होता.

आता मोठ्या आतड्याकडे या. त्याच्या आतील अस्तरात बारीक बारीक विहिरींसारखे खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या नव्या पेशी तयार करतात, नव्या पेशी वर वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. आपल्या नकळत हे अस्तर आठवड्याभरात नवे होते. एवढी वाढ जिथे रोजच चालू असते, तिथे कधी वाढायचे आणि कधी थांबायचे हे सांगणाऱ्या निरोपांना किती महत्त्व असेल, याची कल्पना यावी. जखम झाली की वाढीचा निरोप येतो. जखम भरली की तो थांबतो.

कर्करोगात हा हिशेब बिघडतो. तो एका रात्रीत बिघडत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी लहानसा मोड येतो, ज्याला पॉलिप म्हणतात. एकामागून एक जनुके बिघडत जातात आणि अनेक वर्षांनी, बहुधा दहा-बारा वर्षांनी, काही पॉलिपांचा कर्करोग होतो. हा पायऱ्यापायऱ्यांचा प्रवास बर्ट व्होगलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून दाखवला. तेही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्येच, जिथे कमलाबाई पेशी वाढवायला शिकल्या होत्या.

मोठ्या आतड्याच्या पुष्कळ गाठींवर कोहेन यांनी शोधलेला तो कान दिसतो. म्हणून त्या कानात बोळा घालणारे औषध निघाले. सेटुक्सिमॅब हे त्याचे नाव. पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण मग एक कोडे पडले. काही रुग्णांची गाठ या औषधाने लहान होई आणि काहींना काडीचाही फरक पडत नसे. कान तर दोघांच्याही पेशींवर होते.

कोडे सुटले ते कानाच्या आत पाहिल्यावर. कानाकडून निरोप घेऊन पुढे देणारे रास नावाचे एक प्रथिन पेशीत असते. त्याचे जनुक बिघडले की ते चालू स्थितीत अडकून बसते. भोंगा वाजो वा न वाजो, आतला माणूस चला, चला म्हणून ओरडतच राहतो. अशा पेशीच्या कानात बोळा घालून उपयोग काय? मोठ्या आतड्याच्या दर दहा कर्करोगांपैकी साधारण चारांत रासच्या केरास या एकाच जनुकात असा बदल सापडतो. म्हणून आता हे औषध देण्यापूर्वी रासची चाचणी करतात. आण्णांच्या कागदावर लिहिलेली चाचणी हीच होती.

हे सगळे ऐकून आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, भोंगे बंद होऊनही आपण पहाटे उठतोच की, तसेच हे. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात इतके नेमके उदाहरण मला कधी सुचले नव्हते.

नाही हेही उत्तर

अहवाल आला. रासमध्ये बदल होता. अशा बदलांपैकी एका विशिष्ट प्रकारावर अलीकडे औषधे निघाली आहेत. आण्णांचा बदल त्यातला नव्हता. म्हणजे ते महागडे औषध त्यांच्यासाठी नाही. वहिनी डोळ्याला पदर लावून आत गेल्या. माझाही धीर सुटला. आपल्या माणसासाठी एक दार बंद झाले, एवढेच त्या क्षणी कळत होते.

त्या रात्री मी पुन्हा कमलाबाईंच्या कामाचे वाचन काढले आणि आधी नजरेतून निसटलेली एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे उंदरांच्या पिढ्या जोपासल्या. स्तनाच्या कर्करोगाकडे कल असलेली आयसीआरसी नावाची उंदरांची एक जात त्यांच्या संस्थेत तयार झाली. उंदरांमधला दुधाचा विषाणू खरा होता. तसाच विषाणू माणसातही सापडेल आणि मग देवीसारखी लस टोचून हा रोग हटवता येईल, अशी आशा तेव्हा जगभर होती. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत ती आशा फळाला आली नाही. माणसातील या रोगाला तसा विषाणू कारण असल्याचे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

मग ते काम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. गाठीला हुकूम कोठून येतो, हा प्रश्न त्या पिढीने लावून धरला, पेशी काचेत वाढवण्याची विद्या देशात आणली, आणि उंदीर जे सांगतील ते, आवडो वा न आवडो, लिहून ठेवले. त्या वहीत हो आले असेल तितकेच नाहीदेखील आले असेल. पुढच्यांना हाच मार्ग बंद आहे हे कळले, म्हणून त्यांनी दुसरा धरला. आण्णांच्या अहवालातले नाही त्याच जातीचे होते. ते कळले नसते तर आम्ही शेत विकून, महिनोन् महिने, त्यांना काही उपयोग नसलेले औषध देत राहिलो असतो. या औषधाने अंगावर आणि चेहऱ्यावर पुरळही उठतो, कारण तोच कान आपल्या निरोगी त्वचेच्या पेशींवरही असतो. तो त्रास फुकटचा झाला असता. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांची जोडणी केली. आण्णांची केमो चालू आहे. गाठी थोड्या लहान झाल्या आहेत. पुढचे कुणी सांगू शकत नाही आणि आता आम्ही विचारतही नाही.

प्रयोगशाळेबाहेरच्या बाई

कमलाबाईंचे आयुष्य कर्करोगापुरते नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेत महारोगाच्या गाठीतून मिळवलेले जंतू वाढवण्याचे कामही झाले. आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखल्या गेलेल्या या जंतूंवरून पुढे त्यांच्या संस्थेतील इतर शास्त्रज्ञांनी महारोगावरची लस विकसित केली. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार १९६४ मध्ये त्यांना मिळाला. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. १९६६ पासून १९७० पर्यंत त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. पेशीजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि कर्करोग कशाने होतो याचा शोध घेणारे विभाग त्यांनी उभे केले. परदेशात शिकायला गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी परत यावे, म्हणून त्या खटपट करत. १९८२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

मला मात्र पदकांहून दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली, १९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मिळून इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. वाशीला या संस्थेचे कार्यालय आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर अशा, शास्त्रज्ञांच्या संस्थेत सहसा कुणाला न सुचणाऱ्या, गोष्टी तिने केल्या. मूल कुणाकडे ठेवायचे या एका प्रश्नाने किती बायकांचे शिक्षण वाया गेले असेल, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

दुसरी गोष्ट अकोले तालुक्याची. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या डोंगराळ भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास कमलाबाईंनी केला. राजूर परिसरातील बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देण्याच्या कामातही त्या होत्या. बाल्टिमोरला शिकलेली, पेशींच्या पोटात शिरून पाहणारी बाई उतारवयात डोंगरातल्या पोरांची वजने-उंची मोजण्याच्या कामात रमली. मला यात विसंगती दिसत नाही. शरीर वाढते कशावर आणि वाढ खुंटते कशामुळे, हाच प्रश्न इथेही होता. ११ एप्रिल २००१ रोजी कमलाबाई गेल्या.

आपल्या जिल्ह्याची वही

कमलाबाईंची वही वाचताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका वहीची आठवण झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतील रुग्णांची अशी पद्धतशीर नोंद ठेवणारे हे देशातले पहिले केंद्र. गावोगाव फिरून, माणसांना लक्षणे समजावून सांगून, एकेक रुग्ण लिहून काढायचा, असे हे काम. त्या नोंदींतून दिसले की, आपल्या खेड्यांत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग फार आहे आणि मोठ्या आतड्याचा, पाश्चात्त्य देशांच्या मानाने, फारच थोडा आहे.

थोडा आहे म्हणजे नाही असे मात्र नव्हे. थोडा आहे म्हणूनच तो आपल्या मनात येत नाही आणि मूळव्याधीच्या नावावर खपून जातो. आमच्या घरात झाले ते असे. म्हणून वाचकहो, एवढे लक्षात असू द्या. शौचातून रक्त जाणे, शौचाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना वजन उतरणे, पन्नाशीपुढच्या माणसाचे हिमोग्लोबिन कमी होणे, यांपैकी काही दिसले तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जा आणि दुर्बिणीने तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला हा रोग झाला असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. माझी स्वतःची तपासणी मी गेल्या महिन्यात करून घेतली. एक लहान पॉलिप निघाला, तो तिथल्या तिथे काढून टाकला. त्याला दहा वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हे आता मला चांगलेच ठाऊक आहे.

ते आण्णांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. आपल्या दुखण्यातून निदान एका माणसाचे काम झाले, असे म्हणाले. परवा सलाइन लावून पडले असताना त्यांनी मला कमलाबाईंचा फोटो दाखवायला सांगितला. फोनवर तो बराच वेळ पाहिला. मग विचारले की, या बाईंना शेवटी उत्तर सापडले का? मी सांगितले, त्यांना सगळे सापडले नाही. पण त्यांनी जिथे सोडले तिथून दुसऱ्यांनी पुढे नेले. आण्णांनी मान डोलावली. गिरणीत पाळी बदलताना आपला माग दुसऱ्याच्या हाती द्यायचाच असतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.